चाचणीचा नंबर

ओनीच्या बाजारात, दवाखान्याला लागून माझं दुकान.
चार्जर, कव्हरं, काचा, उंदराच्या गोळ्यासुद्धा.
लामारा मावशी आल्या त्या दिवशी
वीज सकाळपासून दोनदा गेलेली.

रुमालाच्या तीन घड्या उलगडून त्यांनी फोन काढला,
कोंबडीखालचं अंडं काढावं तसा, हळूच, कोमट.
इटलीतल्या बारी शहरातून लेकीनं पाठवलेला,
मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती:
शेवयांची पाकिटं, खोकल्याचं औषध आणि हा.
"यात मझिया आहे म्हणतात," त्या म्हणाल्या.
"बाहेर काढ तिला."

ॲप उतरायला लावलं.
इथलं नेट म्हणजे जानेवारीतली रिओनी,
काठाकाठानं थिजलेली, मधून कुठूनतरी वाहणारी.
बारा टक्के.
बारा टक्के.
तेरा.
तोवर त्यांनी सांगितलं, मझिया तिकडे
एका म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते,
रात्री दोनदा उठून तिची कूस बदलते.
"माझ्याच वयाची आहे ती,"
आणि काउंटरवरची धूळ बोटानं पुसत राहिल्या.

फोननं नाव विचारलं. नंबर विचारला.
सहा आकडी कोड पाठवलाय म्हणाला, तो येईना.
भर रस्त्यात जाऊन हात उंच केला तेव्हा आला,
आणि आत येईपर्यंत शिळा झाला.
पुन्हा मागवला.
पासवर्ड? म्हटलं, कुणाला सुचणार नाही असं काहीतरी सांगा.
त्यांनी गाईचं नाव सांगितलं.
ती गाय अख्ख्या गावाला माहीत आहे, मावशी.
"मग मेलेल्या गाईचं घाल."

मायक्रोफोन वापरू देणार का, फोननं विचारलं.
"म्हणजे हा माझं ऐकणार?"
हो. तुम्ही बोलाल तेव्हा.
"चाळीस वर्षांत नवऱ्यानं नाही ऐकलं. दे परवानगी."

सगळ्यात शेवटी चाचणीचा नंबर.
लावायचा, टूं वाजलं की दहा सेकंद बोलायचं,
मग आपलंच बोलणं आपल्याकडे परत येतं.
आलं, की समजायचं सगळं जुळलं.
मी हे नीट समजावलं होतं. खरंच समजावलं होतं.

टूं.
"मझिया, मीच गं. कडी लावलेली नाही. जेवलीस का?"

जरा खरखर. मग

मझिया, मीच गं. कडी लावलेली नाही. जेवलीस का?

मावशींनी फोनकडे रागानं पाहिलं.
"ही आमची आई," म्हणाल्या. "कुठून बोलतेय?"
मावशी, तुमचाच आवाज आहे तो.
"माझा आवाज मला ठाऊक नाही होय?
ही आई. शब्दाचं शेपूट असं तीच खाली पाडायची."

आपला आवाज आपल्याला हाडांतून ऐकू येतो,
दुसऱ्यांना हवेतून. शाळेत शिकवलेलं.
सांगणार होतो.
"परत लाव," म्हणाल्या. लावला.

टूं.
"आई, गुडघा कसा आहे?"

आई, गुडघा कसा आहे?

"थंडीत ठणकतो," मावशी म्हणाल्या,
पण तोवर चाचणी संपली होती.

तेवढ्यात पडद्यावर मझिया वाजू लागली.
हिरवं ओढा, हिरवं, म्हटलं.
मावशींनी ओढलं आणि फोन कानाला घट्ट लावला,
त्यामुळे बारीत दिसला असेल तो फक्त
एक कान, आणि त्यातलं चांदीचं डूल.
"थांब जरा," त्या लेकीला म्हणाल्या,
"मधेच बोलू नकोस."

पैसे घेतले नाहीत. पिशवीभर अक्रोड मात्र घ्यावे लागले.

रात्री शटर ओढण्याआधी मी तो नंबर लावून पाहिला.
काय बोलावं ते सुचेना.
दहा सेकंदांनी माझं गप्प बसणं जसंच्या तसं परत आलं,
आणि त्याच्या मागे, लांबवर,
कुणीतरी फावड्यानं बर्फ खरवडत होतं.